चोविसाव्या वर्षी चाळिशी

एकदा एक शब्द चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडला आणि दोन गल्ल्या ओलांडून घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पालटला. त्या शब्दापायी एका मुलीचा संसार मोडायची वेळ आली होती.

दुकान एका वृद्ध गृहस्थांचे होते, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या अगदी समोर. गाव त्यांना चष्मेवाले आबा म्हणे. पन्नास वर्षे त्यांनी लोकांचे नंबर काढले होते, काचा घासल्या होत्या नि मोडलेल्या काड्या जोडून दिल्या होत्या. बोलत मात्र थोडे. त्यांच्या हाताखाली निरंजन नावाचा शिष्य दोन वर्षांपासून शिकत होता. वय सत्तावीस, शहरातून या विद्येची पदविका घेऊन आलेला. स्वतःच्या नाकावर जाड काचांचा चष्मा होता, कारण त्याला लहानपणापासून लांबचे धूसर दिसे. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. त्याने काढलेला नंबर कधी चुकत नसे, आणि ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याही पुरती लक्षात आलेली होती.

एका सोमवारी त्याच्यासमोर हेमलता येऊन बसली. लग्नाला चार महिने झाले होते. सासर पटवेकऱ्यांचे, म्हणजे काळ्या मण्यांच्या पोती, मंगळसूत्रे, मुलांच्या कमरेचे करगोटे रेशमी दोऱ्यात गाठवून देण्याचा पिढीजात व्यवसाय. मणी मोहरीएवढे. ते ओवायला बसले की घटकाभरात हेमलताचे डोके दुखू लागे. नव्या सुनेचे डोके दुखणे ही सासरी फार अवघड गोष्ट असते. पहिल्या महिन्यात घर आशेने एकमेकांकडे पाहते, दुसऱ्या महिन्यात सुंठ उगाळून देते, तिसऱ्या महिन्यात काम दिसले की दुखते असे म्हणू लागते. चौथ्या महिन्यात नवरा तिला घेऊन आबांच्या दुकानी आला, हेच नवल.

निरंजनने नंबर काढला. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळही तिने घडाघडा वाचली. जवळचे वाचायची पुस्तिका हातात दिली, तेव्हा मात्र चौथ्या ओळीनंतर ती पापण्या मिटू-उघडू लागली. तपासणी चोख झाली.

"काय निघालं?" नवऱ्याने विचारले.

"विशेष काही नाही. चाळिशी लागेल."

चिठ्ठीवर त्याने नंबर लिहिला आणि काचा घासताना घोळ नको म्हणून शेजारी 'चाळिशी' असे लिहून ठेवले. त्या दुकानात जवळच्या कामाच्या प्रत्येक चष्म्याला चाळिशीच म्हणत. बाकावर आणखी तीन माणसे खोळंबली होती. निरंजनने पुढच्याला हाक मारली.

घरी सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, चिठ्ठी वाचली. मग शेजारणीने वाचली. स्थळ चार जिल्ह्यांपलीकडचे होते. मुलीची पत्रिका पुराच्या पाण्यात गेली असे लग्नाआधी सांगण्यात आले होते, आणि तेव्हा ते सगळ्यांना पटलेही होते. मुलगी उंच, मितभाषी, चेहऱ्याने जरा पोक्त.

"चाळिशी म्हणजे चाळिशी," शेजारीण म्हणाली. "डोळा कशाला खोटं बोलेल?"

गुरुवारी दुपारी द्वारकाबाई दुकानाची पायरी चढल्या. मागे हेमलता, आणि तिच्यामागे ट्रंक घेतलेला नवरा. त्याने ट्रंक आत ठेवली, स्वतः पायरीवरच थांबला आणि समोरच्या भिंतीवरची दंतमंजनाची जाहिरात वाचू लागला.

"ही चिठ्ठी तुमच्याकडचीच ना?"

"हो," निरंजन म्हणाला. "मीच लिहिली."

"मग हेच एका कागदावर नीट लिहा नि खाली शिक्का मारा. हिच्या बापाच्या हातात द्यायचा आहे. तीनची गाडी आहे हिची."

"पण झालं काय?"

"झालं काय? चोवीस वर्षांची म्हणून दिली हो पोरगी! चोवीस! मला चाळिशी लागली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. थोरलीचं लग्न ठरत होतं माझ्या. आणि ही मांडवातनंच चाळिशी घेऊन आली!"

"शाळेचा दाखला मागवते म्हणाले ना मी, आत्याबाई," हेमलता खाली बघत म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणे.

"दाखल्याचं काय सांगतेस? मास्तरनं मनाला येईल ते वय लिहायचं नि बापानं मान हलवायची." त्यांनी पिशवीतून एक डबी आणि एक काळी पोत काढून टेबलावर टाकली. "हे बघा हिचं काम. महिनाभर एवढं एकच चाललंय. सुरुवातीला दाखवायपुरतं नीट, मग दोन दोन मणी एकदम, मग फुटका मणी. मी दोन वर्षांनी काम सोडायचं नि कुणाच्या हातात द्यायचं? जिचे डोळे माझ्याआधी जाणार तिच्या?"

या शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरासा फाटला. निरंजनला ते ऐकू आले, पण त्याचे लक्ष दुसरीकडे होते. आपल्या चिठ्ठीत काही चूक आहे का हे तो मनात तपासून पाहत होता. चूक नव्हती.

"अहो बाई," तो म्हणाला, "चाळिशी हा नुसता बोलण्यातला शब्द झाला. शास्त्रात याला दूरदृष्टी म्हणतात."

"दूरदृष्टी?" द्वारकाबाईंनी सुनेकडे पाहिले. "हिला? संध्याकाळी भाजी काय करायची ते हिला दुपारी सुचत नाही, आणि म्हणे दूरदृष्टी!"

"तसं नव्हे हो. हा एक दृष्टिदोष असतो. जन्मतःच—"

"जन्माचा दोष?" द्वारकाबाई खाली बसल्या. "म्हणजे तेही लपवलं."

अशा रीतीने शास्त्राने दोन मिनिटांत एका आरोपाचे दोन केले. हेमलताने ट्रंकेचे कडे हातात धरले आणि स्टँडकडे पाहिले. लांबचे तिला स्वच्छ दिसे. तिच्या गावाची पाटी लावलेली गाडी फलाटाला लागत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आबा बाहेर आले. सगळे त्यांनी ऐकलेच असणार. मध्ये फक्त पडदा होता.

"देतो शिक्का मारून," ते म्हणाले.

निरंजनला वाटले, आपलेच कान फसले. "आबा, पण नंबरावरून वय—"

"तू थांब, निरंजन. बाई, तुमचा चष्मा द्या पाहू."

पुसून देणार असतील म्हणून द्वारकाबाईंनी चष्मा काढून दिला. आबांनी तो खरोखरच पुसला. मग काड्या मिटल्या, चष्मा टेबलाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"अहो! माझा चष्मा?"

"कागद लिहून होईपर्यंत राहू दे माझ्याकडे. तोवर तुम्ही मला वीतभर पोत ओवून द्या. नातीसाठी हवी होती. मणी आणलेच आहेत तुम्ही."

आणि आबा कोरा कागद पुढ्यात ओढून, टाक झटकून, सावकाश तारीख घालू लागले.

निरंजनला मेल्याहून मेल्यासारखे झाले. समोर एक माणूस संतापाने धुमसत आहे, एक मुलगी ट्रंक घेऊन उभी आहे, गाडी सुटायला वीस मिनिटे उरली आहेत, आणि आपले गुरू नातीसाठी पोत मागत आहेत! म्हातारपण असे दारात उभे राहते आणि शेजारच्यालाच आधी दिसते, असे त्याच्या मनात येऊन गेले.

द्वारकाबाई मात्र कारागीर बाई. कामाचे आव्हान त्यांना सोडवेना. "वीतभर काय, हातभर देते," त्या म्हणाल्या आणि डबी उघडून सुई घेतली. रेशमाचे टोक ओठांत धरून ओले केले, चिमटीत वळले, सुईकडे नेले. ते सुईच्या शेजारून गेले. पुन्हा नेले. मग त्यांनी सुई लांब धरली. आणखी लांब धरली. हात होता तेवढाच लांब होता, त्यापुढे जाईना. त्या उठून दाराच्या उजेडात गेल्या.

"झाली का पोत?" आबांनी मान वर न करता विचारले.

"सुईच मेली कुठली आणलीय हिनं, नाकच नाही सुईला!"

"सुई तुमचीच आहे, आत्याबाई," हेमलता हळूच म्हणाली.

द्वारकाबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. ताणामुळे आले की कशामुळे, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. स्टँडवर कंडक्टरने एकदा घंटी वाजवली. हेमलताने ट्रंक सोडली, ती दारापाशी गेली आणि कुणी सांगितले नसताना म्हणाली, "द्या इकडं."

तिने सुई हातभर लांब धरली, कपाळ आकसले, श्वास रोखला. दोरा पहिल्या खेपेला आत गेला.

आबांचा टाक थांबला. "सुई ओवलीसच तर पोतही तूच ओव, मुली. अशीच, चष्म्यावाचून."

"बिघडेल, आबा."

"बिघडू दे. बिघडेल तिथं थांबू नकोस मात्र. पुढं जा."

ती स्टुलावर बसली. एक मणी, दुसरा, तिसरा. बोटे सफाईने चालली होती. हे हात या कामासाठी चांगलेच होते. अकरा मणी एकसारखे गेले. बाराव्या खेपेला सुईने दोन मणी एकदम उचलले. पुढचा मणी सुटला आणि टेबलाखाली गेला. तिने कपाळाच्या मधोमध अंगठा दाबून धरला, पुन्हा सुई उचलली, आणि चार बोटे पोत झाल्यावर म्हणाली, "आता मणी पसरल्यासारखे दिसतायत. डोकं ठणकतंय."

आबांनी खण उघडला आणि चष्मा द्वारकाबाईंच्या हातात दिला. "आता बघा. सासूच्या नजरेनं नको, कारागिराच्या नजरेनं बघा."

द्वारकाबाईंनी पोत अंगठ्यावरून सरकवली. "इथवर चांगल्या हाताचं आहे," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "पुढं नाही."

"आणि तुम्ही घरून आणलीत ती?"

टेबलावरची पोत त्यांनी उचलली. महिनाभर ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण आजवर तिच्यात त्यांनी फक्त चुका पाहिल्या होत्या. आता त्या नीट झालेले पाहू लागल्या. बोटभर नीट, मग खराब. पुन्हा बोटभर नीट, पुन्हा खराब. त्यांचा अंगठा सावकाश होत गेला.

"दर वेळी नव्यानं बसली की आधी चांगलं होतंय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "उठून आली की चांगलं. सकाळचं चांगलं. मी म्हणायची, हिचं मन उडतं."

"बाई, तुम्हाला आत्ता चष्म्यावाचून किती मणी ओवता आले?"

"सुईच ओवता आली नाही. बघितलंत की तुम्ही."

"तुमचा डोळा पिकलाय, माझ्यासारखाच. जवळचं बघायला डोळ्याला आतून ताण द्यावा लागतो, तो आता देता येत नाही आपल्याला. हिचा डोळा जन्मापासून लांबीला जरा आखूड आहे, म्हणून हिला इतरांपेक्षा जास्त ताण द्यावा लागतो. ती देते. अकरा मणी देते. मग डोळा दमतो नि डोकं दुखतं. लांबचं हिला छान दिसतं, म्हणून शाळेतल्या तपासणीत कुणाला कळलं नाही, तिलाही नाही. तिला वाटत असणार, सगळ्यांनाच मणी असे दिसतात."

हेमलताने चमकून वर पाहिले. "सगळ्यांना तसे दिसत नाहीत?"

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"चाळिशीला आलेल्या डोळ्यानं हे अकरा मणी होत नाहीत," आबा म्हणाले. "ते तरुण डोळ्याचं काम. हिच्या वयाचा दाखला हवा होता ना तुम्हाला? तुमच्या हातात आहे."

मग त्यांनी कागद पुढे सरकवला. वर तारीख होती. खाली दुकानाचा शिक्का आणि आबांची सही होती. मधला कागद कोरा होता.

"मध्ये काय लिहायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते लिहितो."

स्टँडवर गाडीचे इंजिन सुरू झाले. द्वारकाबाई कोऱ्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"चष्मा कधी मिळेल," त्या शेवटी म्हणाल्या, "ते लिहा."

निरंजनला आता गप्प राहवेना. "बाई, चूक माझी आहे. हे सगळं मला सोमवारीच माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"माहीत होतं?" द्वारकाबाई त्याच्याकडे वळल्या. "मग बोलायला काय तुमच्या तोंडाला चाळिशी लागली होती?"

हेमलताला हसू आले. तिने पदर तोंडाला लावला, तरी ते दिसलेच. बाहेर नवऱ्याने जाहिरातीवरून नजर काढली आणि प्रथमच आत डोकावून पाहिले.

"हसतेस काय? घाल हा," म्हणत द्वारकाबाईंनी आपला चष्मा काढून सुनेच्या नाकावर बसवला. एक काडी कानामागे नीट गेली नव्हती, तीही बसवली. "दिसतंय का बघ."

हेमलताने आधी डबीतल्या मण्यांकडे पाहिले. मग आपल्या तळहाताकडे. मग तिने गळ्यातले मंगळसूत्र दोन बोटांवर उचलून डोळ्यांसमोर धरले आणि तिथेच थबकली.

"आत्याबाई, यात मध्ये मध्ये गाठी आहेत."

"आहेतच. दर तिसऱ्या मण्यानंतर एक. रेशमाची फुलगाठ म्हणतात तिला. आमच्या सासूबाईंनी शिकवलेली. लग्नाआधी आठ दिवस बसले होते मी त्याच्यावर." त्यांनी जरा खाकरून घेतले. "म्हटलं, नवी सून आहे, काहीतरी बोलेल. तू काही बोलली नाहीस."

"मला दिसल्याच नव्हत्या हो," हेमलता म्हणाली. तिची नजर गाठींवरून हालेना. "किती बारीक आहेत!"

द्वारकाबाई उठल्या. पिशवी काखेत मारली आणि पायरीवरच्या मुलाला म्हणाल्या, "उचल ती ट्रंक. आणि मागच्या गल्लीनं नको, बाजारातनं चल. जाताना सगळ्यांनी बघितलंय, येतानाही बघू दे." दोन पावले जाऊन त्या परत फिरल्या आणि सुनेच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "घरी कामाला मला लागतो."

ती मंडळी गेल्यावर निरंजन काही वेळ काचा पुसत राहिला. पुसलेल्याच पुन्हा पुसत होता.

"आबा," तो म्हणाला, "त्यांचा चष्मा कशाला काढून घेतलात? हेच त्यांना समजावून सांगता आलं असतं."

"सांगत होतास की तू. काय झालं?"

निरंजनने हातातली काच खाली ठेवली.

"तू नंबर बरोबर काढलास," आबा म्हणाले. "तुझी नजर जवळ खिळलेली होती, तुला काच दिसली, आकडा दिसला. त्या बाईंची नजर लांब लागली होती. त्यांना सुनेच्या बापाचा डाव दिसत होता, गावातली लाज दिसत होती, दोन वर्षांनी बंद पडणारं काम दिसत होतं. तुम्हा दोघांच्या मध्ये, हाताच्या अंतरावर, ती मुलगी बसली होती. ती तेवढी दिसली नाही कुणाला. आपल्या काचा लांबचं दाखवतात, जवळचं दाखवतात. समोरचा माणूस दाखवायची काच अजून मला घासता आलेली नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, काम चालू असताना."

एवढे बोलून त्यांनी टेबलाखाली वाकून घरंगळलेला मणी शोधायला सुरुवात केली. त्यांना तो दिसत नव्हता. निरंजन खाली बसला आणि जवळचे पाहणाऱ्या त्याच्या डोळ्यांना तो चटकन दिसला. त्याने तो उचलून दिला.

पायरीवर पावले वाजली. एक वयस्क गृहस्थ आत आले, बाकावर टेकले आणि म्हणाले, "बघा हो जरा. अलीकडं धड दिसत नाही. चाळिशी लागेल बहुतेक, नाही का?"

निरंजनने चाचणीची पेटी पुढे ओढली, उघडली, आणि तिच्यावर हात ठेवून तसाच थांबला.

"बघूया," तो म्हणाला. "आधी सांगा, तुम्ही काम काय करता?"

गृहस्थ सांगू लागले. त्यांचे सांगणे बरेच लांबले. निरंजन ऐकत राहिला.